माणशी विक्री

"पाच दुकानं हैत माझी," अण्णा म्हणाले. "पाची मॅनेजर म्हणत्यात, आमचंच दुकान भारी. तुम्ही शिकलेल्या आहात. कुठलं खरं भारी आणि कुठलं नुसतं बोलतंय, ते मला आकड्यांत दावा."

अण्णा मगदूम म्हणजे मगदूम वस्त्रदालन या कंपनीचे मालक. साठी उलटलेली, अंगात पांढरा नेहरू शर्ट, कपाळावर चंदनाची बारीक टिकली. कोल्हापूरच्या दुकानाच्या माडीवर हेड ऑफिस होतं आणि तिथे मला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. मी सव्वीस वर्षांची, एम.कॉम. झालेली. टेबलावर एक कॅल्क्युलेटर आणि समोर साड्यांच्या खोक्यांची भिंत. कॉम्प्युटर अजून आमच्याकडे यायचा होता.

"कोल्हापूरची विक्री सगळ्यांत जास्त आहे," मी म्हणाले.

"ते मलाबी दिसतंय."

"पण जागाही सगळ्यांत जास्त आहे, माणसंही जास्त. म्हणून नुसती विक्री बघून चालत नाही, अण्णा. एका चौरस फुटामागे किती विकलं, माणशी किती विकलं, गुंतवलेला माल वर्षात किती वेळा फिरला, असं बघायचं. मग लहान आणि मोठं दुकान शेजारी उभं करता येतं."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हणजे म्हशीनं दूध किती दिलं ते बघायचं न्हाई. पेंड किती खाऊन दिलं ते बघायचं."

"अगदी तेच."

"मग तसं बघा. आणि लवकर बघा. सांगलीच्या जागेचा करार दिवाळीनंतर संपतोय, मालक भाडं वाढवून मागतोय. साताऱ्यात चांगली जागा मिळती आहे. पाचातलं जे सगळ्यांत मागं असंल ते सोडायचं आणि साताऱ्याला जायचं, असं माझ्या मनात आहे."

म्हणजे माझ्या गणितावर एका दुकानाचा जीव होता. त्या वयात मला त्याचं ओझं वाटलं नाही, उलट अंगात उत्साह संचारला. इतकी वर्षं पुस्तकातल्या कुठल्या तरी 'अ' आणि 'ब' कंपनीची गुणोत्तरं काढली होती. आता खरी दुकानं होती.

आठवडाभर मी कॅल्क्युलेटर बडवला. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कराड, गडहिंग्लज. चार दुकानांचे आकडे शहाण्यासारखे वागले. सांगलीचे मात्र काही केल्या नीट बसेनात. एकूण विक्री वर्षात चांगली वाढलेली, पाचांत दुसरा नंबर. सरासरी बिल तर सगळ्यांत मोठं. म्हणजे सांगलीत शिरलेलं गिऱ्हाईक एका साडीसाठी येऊन दोन घेऊन जात होतं. पण माणशी विक्री काढली तर सांगली एकदम तळाला. कारण गेल्या वर्षी तिथे नऊ माणसं होती आणि या वर्षी चौदा झाली होती. चौरस फुटाचंही तसंच, तेही तळाला.

मला आधी वाटलं, बोगस नावं घुसवलीत. पण मग पगाराचा आकडा बघितला. माणसं पाच वाढली होती आणि पगाराची एकूण रक्कम जवळजवळ जागची हललीच नव्हती. कामावर नसलेल्या माणसांची नावं कुणी घालतो ते त्यांचा पगार खायला. इथे खायला काहीच नव्हतं. मग ही माणसं राबत होती ती कशासाठी?

अण्णांना सांगून मी सांगलीला गेले. दुकानाला कळवलं नाही.

पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. दुकान शांत होतं. काउंटरवर दोघंतिघं होते, एक बाई इरकली बघत होत्या. आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी हुंदके देऊन रडत होतं. पुरुषाचं रडणं, पोटातून येणारं. मी दचकून काउंटरवरच्या माणसाकडे बघितलं. तो शांतपणे इरकलीची घडी उलगडत होता.

"वर कोण रडतंय?" मी विचारलं.

"मांजर असंल," तो म्हणाला.

"मांजर 'आक्का, आक्का' म्हणतंय?"

त्याने पदर हातावर पसरला. "आपल्याला काय दाखवू, मॅडम?"

"मी हेड ऑफिसची. वैजयंती शेटे."

साडी त्याच्या हातातून घसरली. तो जिन्याकडे धावणार होता, पण मी आधी पोचले.

वर गोदाम होतं. गठ्ठे भिंतीला सरकवून मधे मोकळी जागा केली होती. तिथे एक उंच माणूस गुडघ्यांवर बसून, मांडीवर एक पिळलेलं लुगडं घेऊन रडत होता. भोवती आठ-दहा जण. एकाच्या पुढ्यात तबला, एकाच्या हातात बॅटरी, ती तो रडणाऱ्याच्या तोंडावर धरून होता. आणि खिडकीपाशी जाड चष्मा लावून, हातात कागदांची चळत घेऊन खुद्द मॅनेजर उभे होते. श्रीधर कोपर्डे. मी त्यांना हेड ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकदा पाहिलं होतं. तेव्हा ते कोपऱ्यात गप्प बसून होते.

मला बघून सगळे थिजले. रडणाराही थांबला.

"मॅडम," कोपर्डे म्हणाले, "पाच मिनिटं द्या. एवढा प्रवेश संपू दे. मग काय ते बोला."

मी एका गठ्ठ्यावर बसले. मला रागवायचं होतं, पण त्या माणसाने पुन्हा लुगडं उचललं आणि मी राग विसरले. एक फिरस्ता कापडवाला, पाठीवर गठ्ठा घेऊन गावोगाव लुगडी विकणारा. नावेतून नदी पार करताना गठ्ठा पाण्यात पडला, रंग सुटले, वर्षभराचं भांडवल गेलं. पैलतीरावरच्या गावात एका म्हातारीसमोर तो ते सांगत होता. एवढाच प्रवेश. संपला तेव्हा माझे डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

"हा इकबाल मुजावर," कोपर्डे म्हणाले. "मिरजेचा. गेल्या तीन वर्षांत याच्या चार नोकऱ्या सुटल्या."

"का?"

"तालमी. नाट्यस्पर्धा जवळ आली की रजा मागायची, मालक हाकलणार. हे सगळे तसलेच. माझ्याकडची पाच माणसं गेल्या वर्षी एकदम सोडून गेली, सुरतच्या एका बड्या दुकानात. त्यांच्या जागी मी हे दहा घेतले. अर्ध्या दिवसाचे, अर्ध्या पगारावर. चार ते नऊ. सकाळी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा चार जुने पुरतात. दुपारी हे स्वतःच्या वेळेत इथे तालीम करतात."

"हे हेड ऑफिसला का कळवलं नाही?"

"महिन्याच्या तक्त्यात अर्ध्या माणसाचा रकाना नाही," ते म्हणाले. "माणसं किती, एवढंच विचारतात. मी चौदा लिहिलं. खोटं नव्हतं ते."

त्या वाक्याने मी आतून थोडी हलले. माझं सगळं गणित ज्या आकड्याने भागलं होतं, तो आकडाच अर्धवट होता. नऊ पूर्ण माणसांचे तास आणि चार पूर्ण नि दहा अर्ध्या माणसांचे तास, दोन्ही सारखेच. मी डोकी मोजली होती, काम मोजलं नव्हतं.

"मी संध्याकाळपर्यंत थांबते," मी म्हणाले.

चार वाजता सगळे जिना उतरून खाली आले, आणि मग जे सुरू झालं ते बघायला मी खरंतर तिकीट काढलं असतं. पाचाच्या सुमाराला एक लग्नाचं घर आलं. नवरी, तिची आई, मावश्या, एक कंटाळलेले काका. मघाशी ढसाढसा रडणारा इकबाल आता मांडी घालून गादीवर बसला होता. त्याने एकही साडी उघडली नाही. आधी नवरीच्या आईला विचारलं, "तुमचा शालू कुठल्या रंगाचा होता?" आई सांगत बसली. तिचा शालू, तिचं लग्न, मांडवात गेलेले दिवे. इकबाल असा ऐकत होता की जणू त्या मांडवात तोही हजर होता. मग त्याने एकच साडी काढली. शेजारी नंदू लाटकर नावाचा मुलगा होता, नाटकात म्हातारीचं काम तोच करायचा. त्याने ती साडी पँटवरूनच अशी नेसून दाखवली, खांद्यावरून पदर असा घेतला, की कंटाळलेले काकासुद्धा सरसावून बसले. मावश्यांनी स्वतःसाठीही घेतल्या. सरासरी बिल मोठं का येतं ते मला गादीच्या कडेला बसून कळलं.

दुकान बंद व्हायच्या आधी कोपर्डे माझ्याजवळ आले.

"सगळं लिहा, मॅडम. अर्धे पगार लिहा, तास लिहा. फक्त वरच्या खोलीत काय चालतं ते लिहू नका."

"ती खोली दुकानाच्या चौरस फुटांत धरलेली आहे. भाडं कंपनी भरते. लपवलं तर बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल?"

"स्पर्धा होईपर्यंत तरी."

"करार त्याआधी संपतोय. अण्णांना घाबरताय का?"

"घाबरत नाही. कारण आहे, पण ते आता सांगता येणार नाही." एवढं म्हणून ते गल्ल्याकडे गेले.

मी कोल्हापूरला परत आले आणि पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. पाचही दुकानांची हजेरी मागवून विक्रीला माणसांनी न भागता कामाच्या तासांनी भागलं. सांगली तळातून उठून पहिली आली. दुसऱ्या नंबरपेक्षा बरीच पुढे. मी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. चौरस फुटाच्या विक्रीत मात्र ती पहिली आली नाही, वरची खोली धरली तर तळालाच, सोडली तर दुसरी. दोन्ही आकडे मी लिहिले. आणि खाली एक ओळ लिहिली: वरच्या खोलीत दुपारी नाटकाची तालीम चालते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. तासांचं गणित त्यांना लगेच पटलं. "सकाळी दहा माणसं माश्या मारत बसत्यात, ते मी कोल्हापुरात डोळ्यांनी बघतोय," ते म्हणाले. मग ते शेवटच्या ओळीशी आले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"माझ्या गोदामात नाटक."

"हो."

"मालाच्या गठ्ठ्यांत. आणि कोपर्डे मला एका शब्दानं बोलला न्हाई. बारा वर्षं झाली त्याला माझ्याकडं." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "शेटेबाई, तुम्ही त्यांच्या बाजूच्या झालात का?"

"झालेय," मी म्हणाले. "म्हणूनच आकडे पुन्हा तपासले."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "उद्या गाडी काढायला सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सांगलीच्या दुकानात शिरलो. काउंटरवरचा माणूस उभा राहिला आणि या वेळी मांजराचं नाव काढलं नाही. अण्णा तडक जिन्याकडे गेले, मी मागोमाग. अर्ध्या जिन्यात ते अचानक थांबले. कठडा धरून उभे राहिले. वरून इकबालचा आवाज येत होता.

"नाव मधोमध आली आणि कलंडली, आक्का. माणसं वाचली. गठ्ठा गेला. काढला तवा सगळ्या लुगड्यांवर लाल रंग सुटला होता. आता ह्यातलं एक तरी कोण घेईल?"

अण्णा हलेनात. मला वाटलं राग आवरताहेत. मी पुढे होऊन त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे राग नव्हताच. लहान मुलाला गर्दीत कुणीतरी नावाने हाक मारावी, तसे ते बघत होते.

ते वर गेले. तबला थांबला. कोपर्ड्यांच्या हातातले कागद हळूहळू खाली आले.

"हे तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच, अण्णा," कोपर्डे म्हणाले. "दरवर्षी खंडेनवमीच्या पूजेला आलात की थोडं थोडं सांगायचात. वारणेची नाव, तो गठ्ठा, ते गाव. मी घरी जाऊन लिहून ठेवत गेलो. तुम्हाला थेट थिएटरात बसवून दाखवायचं होतं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणून नको म्हणत होतो, मॅडम."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. अण्णा इकबालसमोर जाऊन उभे राहिले होते.

"तू मी आहेस व्हय?"

"होय," इकबाल म्हणाला. गुडघ्यांवरून उठायचं त्याला सुचलं नव्हतं.

"चुकलंय," अण्णा म्हणाले. "मी रडलो न्हवतो."

"पण अण्णा," कोपर्डे म्हणाले, "सगळं भांडवल गेलं होतं."

"गेलं होतं की. रडायच्या बेतात होतो. पण ती म्हातारी लई वंगाळ. तिनं ते वलं लुगडं उचललं, अंगाला लावून बघितलं आणि म्हणाली, माझ्या सासूनं मला जन्मात लाल लुगडं नेसू दिलं न्हाई, आता हे अर्धं लाल आणि अर्धं हिरवं नेसून तिच्या फोटोसमोरनं जाते की. मग दुसरी आली. मग तिसरी. माझं जास्त लाल, तुझं कमी लाल, म्हणून भांडाय लागल्या. मी बघत बसलो आणि मला हसायलाच आलं. थांबंना. वल्या धोतरात बसून हसतोय. त्या वर्षी त्या गावाच्या जत्रंला सगळ्या बाया गुलाबी दिसत होत्या."

सांगताना ते हसायला लागले होते. पहिल्यांदा नंदू हसला, मग तबलेवाला, मग कुणालाच आवरेना. बॅटरी धरणाऱ्याचा उजेड छतावर नाचत होता.

"आणि गठ्ठा असा उचलतात व्हय?" अण्णांनी चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला, भिंतीजवळचा एक गठ्ठा दोन्ही हातांनी धरून आधी मांडीवर घेतला, मग एका झटक्यात पाठीवर. मी पुढे झाले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं. त्या खोलीत त्यांनी गठ्ठा पाठीवर घेऊन दोन फेऱ्या मारल्या. "गुडघ्यातनं चालायचं. नजर रस्त्यावर न्हाई, दारांवर. कुठल्या दारात बाई उभी आहे ते बघायचं. आता तू कर."

इकबालने केलं. अण्णांनी त्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला वाकवलं. मग म्हणाले, "तो म्हातारीचा प्रवेश पुन्हा घ्या. मी बसतोय."

त्या दुपारी आम्ही चार वाजेपर्यंत तिथेच होतो. चारला अण्णांनी स्वतःच घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना खाली पिटाळलं, गिऱ्हाइकाची वेळ झाली म्हणून.

परतीच्या वाटेवर जयसिंगपूर मागे पडल्यावर अण्णांनी गाडी हळू घ्यायला सांगितली. मग म्हणाले, "शेटेबाई, साताऱ्याचं पुढच्या वर्षी बघू. सांगलीचा करार करून टाका. वरच्या खोलीचं भाडं माझ्या स्वतःच्या नावावर लावा आणि ती दुकानाच्या फुटांत धरू नका. आकडा खरा पायजे."

"बरं."

"आणि ते तासाचं गणित बाकीच्या चार दुकानांनाबी लावा. अर्ध्या दिवसाची माणसं घ्या. संध्याकाळी पाच तास काम पायजे म्हणणाऱ्या बाया आहेत गावात, त्यांना विचारतो कोण? तुम्ही विचारा."

पुढची पंचवीस वर्षं मी जे काम केलं ते त्या गाडीत, त्या वाक्याने माझ्या पदरात पडलं. दिवाळीच्या आत चारही दुकानांतून अर्धवेळ बाया उभ्या राहिल्या. तक्त्यात अर्ध्या माणसाचा रकाना मी स्वतःच्या हाताने आखला. कोपर्ड्यांची मी माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "माफी कसली? तुम्ही ती ओळ लिहिली नसती तर स्पर्धेत चुकीचा माणूस उभा राहिला असता."

नाटकाचा निकाल आधीच सांगून टाकते. प्राथमिक फेरीत ते तिसरं आलं, पुढे गेलं नाही. इकबालला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, ते सांगलीच्या दुकानात गादीच्या मागे कितीतरी वर्षं होतं. पण मला सांगायचं आहे ते प्रयोगाच्या दिवसाचं.

ऐन लग्नसराईचा शनिवार होता. कंपनी सुरू झाल्यापासून अण्णांनी संध्याकाळी दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं, घरात मुलीचं लग्न असतानाही नाही. त्या दिवशी पाचही दुकानांची शटरं दुपारी चारलाच खाली आली. कोल्हापूर, गडहिंग्लज, इचलकरंजी, कराड, सगळीकडून ठरवलेल्या गाड्या सांगलीला आल्या. नव्याने लागलेल्या बाया नवीन साड्या नेसून आल्या होत्या. निम्मं थिएटर आमच्याच माणसांनी भरलं. मी अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत होते.

दुसरी घंटा झाली. अण्णा माझ्याकडे झुकले.

"बाई, पाच दुकानं, शनिवारची संध्याकाळ. किती बुडाले?"

मला माहीत होतं. प्रत्येक दुकानाची तासाची विक्री तोंडपाठ होती आणि दुपारी गाडीतच मी ते काम केलं होतं. मी आकडा सांगितला. त्या काळी त्या आकड्यात सांगलीत एक खोली विकत घेता आली असती.

अण्णांनी तो मनात फिरवून बघितला.

"एवढेच?" ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. इकबाल गठ्ठा पाठीवर घेऊन गुडघ्यातून चालत आला, दारं बघत. नाव कलंडली. म्हातारीच्या वेषातल्या नंदूने ओलं लुगडं उचलून अंगाला लावलं, आणि अख्खं थिएटर हसलं. अण्णा मात्र सगळ्यांच्या जरासे आधी हसले होते.